रिकामा ठोका

लोसालीनेसारखी मोगरी चालवणारी बाई आमच्या बेटावरच्या या गावात दुसरी नाही, हे माझं तिच्याशी कधी पटलं नाही तरी मी कबूल करते. तुतीची साल कुटून कापड करायला आम्ही बायका माझ्याच पडवीत बसतो, फणसासारख्या फळांच्या त्या मोठ्या झाडाच्या सावलीत. लांबलचक ओंडका माझ्या सासूचा. त्याच्या दोन्ही बाजूंनी बसून आम्ही नुसत्या कुटतो. लोसालीने बसली की ओंडका बोलायला लागतो. तिची मोगरी पडली की बाकीच्यांच्या मोगऱ्या आपोआप रांगेत येतात आणि माणसंही येतात. तिला त्याची सवय होती.

म्हणून शहरातून तेमालिसी नावाची तरुण शिक्षिका आली आणि म्हणाली, तान्ह्या बाळांना ताल ऐकवायचा आहे, त्याने त्यांना बोलणं लवकर येतं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो.

"अगं मिस," मी म्हटलं, "आमची पोरं पोटात असल्यापासून ओंडका ऐकतात. तू त्यांना काय शिकवणार?"

"शिकवणार नाही, मावशी. थांबणार," ती म्हणाली. "तुम्ही कुटता आणि कुटतच राहता. मी मध्येच थांबणार आहे."

पोरगी हुशार होती. आठवड्यातून दोन सकाळी पडवीत चटई पडायची, आया बाळांना मांडीवर घेऊन बसायच्या आणि तेमालिसी गाणं म्हणायची:

टोपलीत काय गं, टोपलीत काय?
झाकलंय आजीने, दिसतच नाय!

मग ओंडक्यावर तीन ठोके, ठक, ठक, ठक. चौथा ठोका द्यायचा नाही. त्या रिकाम्या जागेत उत्तर यायला हवं, "मा!" आमच्याकडे मा म्हणजे पाव. मा म्हणजे लाजसुद्धा. दोन्हीला एकच शब्द, आणि ज्याचं पोट पावाने भरलंय त्याला लाज कसली, हा आमचा जुना विनोद.

"तो चौथा ठोका बाळाचा," तेमालिसी प्रत्येक वेळी बजावायची. "तुम्ही भरू नका. त्याला ती जागा रिकामी आवडत नाही, ते स्वतःच भरेल. आधी हात हलवेल, पाय मारेल, खूण करेल. खूण हासुद्धा शब्दच समजा. मग आवाज येईल. तुम्ही फक्त थांबा."

आमच्या बायकांना एवढंच जमत नव्हतं. पण हळूहळू जमलं. माझ्या नातवाने एक दिवस तिसरा ठोका पडल्यावर डोळे विस्फारले आणि "बा!" असं ओरडला की कोंबड्या उडाल्या. मी रडले. उगाच कशाला लपवू?

एकट्या लेसीला मात्र थांबता येत नव्हतं.

लेसी म्हणजे लोसालीनेची भावजय, केपूची बायको. हापाईच्या बेटावरून आलेली, माहेरचं इथे कोणी नाही. केपू द्राक्षं तोडायला ऑस्ट्रेलियात, वर्षातले बहुतेक महिने तिकडेच. मांडीवर मुलगी ताली, गुबगुबीत, टपोऱ्या डोळ्यांची. तिसरा ठोका पडायचा अवकाश, लेसी तालीचे ओठ हलायच्या आत स्वतःच मोठ्याने "मा!" म्हणून मोकळी व्हायची आणि कपड्याच्या टोकाने पोरीचं तोंड पुसायची.

"लेसी, तिची जागा आहे ती," तेमालिसी म्हणायची.

"राहवत नाही, मिस."

"हापाईच्या बायकांना गप्प बसायचं औषध अजून निघालं नाही," लोसालीने म्हणायची आणि सगळ्या हसायच्या. मीही हसायचे. विनोद बरा होता.

पण लोसालीने नुसती हसत नव्हती. ती दर वेळी सगळ्यांच्या आधी येऊन पुढे बसायची, पदरी लेकरू नसताना. लेसीला घरून ओढून आणणारी तीच. ताली बोलावी म्हणून गावात सगळ्यात जास्त जीव तिचा तुटत होता, आणि का तुटत होता ते सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याबाईला मिशा असत्या तर तिला काका म्हटलं असतं, असं लोक म्हणतात. आमच्याकडे आत्याबाईला मिशा लागत नाहीत. बिनमिशांचीच ती बापाच्या डोक्यावर बसते. लेकराचं नाव ती ठेवते, लेकराच्या लग्नात आणि मर्तिकात पहिला मान तिचा, आणि तिने भावाचं मूल मागितलं तर भावाने द्यायचं. बहिणीला नाही म्हणायला देवाने आमच्याकडे भावाला तोंडच दिलेलं नाही. लोसालीनेला मूल नव्हतं. बारशाच्या दिवशी तिने पोरीला मांडीवर घेतलं, नाव ठेवलं ताली, म्हणजे वाट बघ, आणि साऱ्या गोतावळ्यासमोर लेसीला म्हणाली, "दूध तुझं, म्हणून सध्या तुझ्याकडे राहू दे. वाचा फुटली की माझी. आई कोणाला म्हणायचं ते माझ्या घरात शिकेल."

केपू तिथेच दारात उभा होता. बहिणीसमोर बसायचीही रीत नाही, म्हणून उभा होता. त्याने जमिनीकडे बघून मान हलवली. पंधरवड्याने तो द्राक्षांकडे निघून गेला. मला त्या माणसाचा आजही राग येतो.

म्हणजे सौदा असा होता. पोर मुकी तोवर लेसीची. पहिला शब्द आला की लोसालीनेची.

लेसीला थांबता का येत नाही ते मला कळलं तो दिवस साधाच होता. मी लेसीकडे अळूची पानं मागायला गेले. दारात मुलगी चटईवर बसून एका नारळाच्या करवंटीवर हात आपटत होती, एकदा, दोनदा, तीनदा. मग थांबली. तोंड उघडलं, ओठ मिटून "म्म" सुरू झालं, आणि चुलीपाशी बसलेल्या लेसीने झडप घालून तिचं तोंड तळहाताने दाबलं. जोरात नाही. सवयीने. पोर रडलीसुद्धा नाही. ती हात दूर होण्याची वाट बघत राहिली.

"लेसी!" मी म्हटलं.

तिने वळून बघितलं. चोरी पकडली गेल्याची भीती तिच्या चेहऱ्यावर क्षणभर आली आणि गेली.

"मावशी, कोणाला सांगणार असाल तर आत्ताच सांगा. नाहीतर बसा, पानं देते."

"पोर मुकी होईल गं अशाने."

"मुकी असली तरी माझी असेल."

"आणि मोठी झाल्यावर?"

"मोठी होऊ दे तर आधी." ती पानं मोजत नव्हती, नुसती माझ्या हातात कोंबत होती. "आणखी वर्षभर काढलं ना, तर वन्सं कंटाळतील. त्यांच्या धाकट्या भावाचं लग्न नुकतंच झालंय. त्याला होईल एखादं. मला एक वर्ष द्या ना, मावशी."

जसं काही वर्ष माझ्या टोपलीत होतं. मला तिची कीव आली आणि तिला दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटलं. दोन्ही एकाच वेळी. मी पानं घेऊन घरी आले आणि कोणाला काही बोलले नाही, कारण बोलले असते तर पोर त्याच दिवशी लोसालीनेच्या घरी गेली असती.

मे महिन्यात मुलांचा रविवार असतो. त्या दिवशी चर्चमध्ये पोरं नवीकोरी पांढरी कापडं घालून पाठ केलेलं म्हणून दाखवतात, म्हातारे डोळे पुसतात आणि दुपारी भट्टीतलं डुक्कर फोडतात. तेमालिसीने पाद्रीबाबांची परवानगी काढली की या वर्षी तान्ह्यांनीही टोपलीचं गाणं दाखवायचं. माझा ओंडका चार माणसांनी उचलून चर्चच्या सभागृहात आणला. ठोके मी द्यायचे असं ठरलं.

आया रांगेत बसल्या. लेसी तालीला घेऊन बसणार, तेवढ्यात लोसालीने आली. कमरेला मानाची, बारीक विणीची जुनी चटई गुंडाळलेली, केसांना तेल, हात पुढे.

"आज माझ्या मांडीवर."

"वन्सं, ती रडेल. तिला माझ्याशिवाय..."

"आत्याच्या मांडीवर रडायला ती काय परक्याची आहे? तू जा मागे. मागून सगळं छान दिसतं."

लेसीने मुलगी दिली. द्यावीच लागली, सभागृह भरलेलं होतं. ती मागे खांबाला टेकून उभी राहिली आणि तिने माझ्याकडे बघितलं. ती काय मागत होती ते मला कळलं. पण मी ठोके देणारी. मी काय करणार होते, ओंडका मोडणार होते?

एकेकाची पाळी झाली. माझ्या नातवाने "बा!" म्हणून टाळ्या घेतल्या. एका पोरीने भोकाड पसरलं, त्यालाही टाळ्या पडल्या. मग लोसालीनेने तालीला सरळ धरून बसवलं. सगळ्यांनी गाणं म्हटलं. झाकलंय आजीने, दिसतच नाय. मी मोगरी उचलली.

ठक. ठक. ठक.

आणि थांबले. सभागृह थांबलं. मागून "मा" म्हणणारं त्या दिवशी कोणी नव्हतं.

तालीने माझ्याकडे बघितलं, ओंडक्याकडे बघितलं. मग नेमक्या चौथ्या ठोक्याला, जराही मागेपुढे न होता, तिने आपला इवलासा हात उचलला आणि स्वतःच्या तोंडावर दाबून धरला. हातावरून ते टपोरे डोळे आमच्याकडे बघत राहिले.

ती जागा तिने भरली होती. घरी जी गोष्ट त्या जागेत रोज यायची, तीच तिने तिथे ठेवली होती. तेमालिसीने जे शिकवलं ते गावात सगळ्यात पक्कं त्या पोरीला आलं होतं.

पण तोंडावर हात ठेवणं म्हणजे आमच्याकडे काय? लाजणं. शेवटच्या बाकावरून आमचा दातपडका डीकन ओरडला, "मा म्हणाली! अरे, पाव मागितला तर पोरीने लाज दिली!"

अख्खं सभागृह फुटलं. माणसं मांड्या बडवून हसायला लागली. पाद्रीबाबा चष्मा काढून डोळे पुसत होते. हसणाऱ्यांत लेसीही होती, खांबाला धरून, सगळ्यांत मोठ्याने. पोर बोलली नव्हती ना. वाचली होती ना.

लोसालीने हसत नव्हती. ती हसू ओसरेपर्यंत थांबली. थांबायचं कधी ते तिला चांगलं कळायचं.

"ऐकलंत सगळ्यांनी?" ती म्हणाली. "माझ्या तालीचा पहिला शब्द. मा."

"वन्सं, ती कुठे बोलली?" लेसी मागून म्हणाली. हसू अजून तिच्या ओठांवर तसंच होतं, काढायचं राहून गेलेलं.

"सगळ्या गावाने ऐकलं आणि तुलाच ऐकू नाही आलं?"

"तो तर नुसता हात..."

"मिस," लोसालीने तेमालिसीकडे वळली, "तुमचंच वाक्य आहे ना, खूण हासुद्धा शब्दच समजा? का आज नाही?"

तेमालिसी बिचारी लाल झाली. तिला सौद्याचं काही ठाऊक नव्हतं. ती खुशीत होती. "हो, खरंय ते," ती म्हणाली. "आणि ताल किती अचूक धरला तिने! शाब्बास, ताली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. लोसालीने उठली, पोरीला कडेवर घेतलं आणि दाराकडे निघाली. तिच्या घरी पाळणा कधीचाच तयार होता.

तेव्हा लेसी माणसं तुडवत पुढे आली. "ते लाजणं नाहीये!" ती ओरडली. "तो शब्द नाहीये, वन्सं! ते मी केलंय. ती बोलायला लागली की मी तिचं तोंड दाबते. रोज दाबते. म्हणून ती... ती काही म्हणाली नाहीये. फिपेमावशींना विचारा, त्यांनी बघितलंय!"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मोगरी हातात घेऊन बसले होते. मी मान हलवली. खरं होतं ते.

कोणी हसलं नाही. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्यांनी तोंडं फिरवली. लोसालीने थांबली, तालीच्या केसांवरून हात फिरवला आणि अगदी गोड आवाजात बोलली.

"बरं झालं सांगितलंस. शब्द नसता तर मला आणखी थांबावं लागलं असतं. आता अशा आईकडे पोर एक दिवस ठेवली तर देव मला विचारेल."

तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. शब्द म्हटला तर पोर गेली, शब्द नाही म्हटलं तरी गेली. दुपारी सगळ्यांनी डुक्कर खाल्लं. मीही खाल्लं.

लेसीला लोसालीनेच्या अंगणात पाय ठेवायची बंदी झाली. केपूचा फोन आला तेव्हा ती माझ्या पडवीत होती. तो म्हणाला, "ताई म्हणते तर असेल." लेसीचं दूध अंगावर वाहायचं, कपडा भिजायचा. मग आटलं.

लोसालीनेने स्वतःचा नवा ओंडका करून घेतला होता. तिचं घर माझ्या समोरच, मधे फक्त रस्ता आणि डुकरं. रोज सकाळी तिचं गाणं सुरू व्हायचं. टोपलीत काय गं. ठक, ठक, ठक. मग शांतता. मग पुन्हा. सुरुवातीला मोगरी लाडात पडायची. महिने सरले तशी ती जड पडायला लागली. तिची चाल चुकलेली मी जन्मात ऐकली नव्हती, ती तेव्हा ऐकली. तिसरा ठोका रागाने आधीच यायचा.

एकदा मी कुंपणाशी गेले. तालीचे दोन्ही हात लोसालीनेने सालीच्या कापडाच्या पट्टीने मागे बांधले होते. हळुवार बांधले होते, मऊ पट्टी होती, ते खोटं कशाला सांगू. ठक, ठक, ठक झालं. पोरीने हात उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. मग तिने मान वाकवून आपलं तोंड खांद्यात खुपसलं आणि तशीच राहिली.

"सोड तिला, लोसालीने," मी म्हटलं.

"तू बघत बसलीस तेव्हा कुठे गेली होती ही अक्कल?" ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला बरं वाटलं ते बघून. मी चांगली बाई आहे असं मी कुठेच म्हटलेलं नाही.

नाताळच्या आधी धाकट्या भावाच्या बायकोला मुलगा झाला. खणखणीत आवाजाचा, रडला की चर्चपर्यंत ऐकू जायचा. त्याच आठवड्यात लोसालीने भरदुपारी रस्ता ओलांडून लेसीच्या दारात आली. तालीला उंबऱ्यावर बसवलं, शेजारी कपड्यांचं गाठोडं ठेवलं.

"घे तुझी मुकी," ती म्हणाली. "तुझ्या हाताची करामत तुलाच लखलाभ." आणि परत जाताना तिने एकदाही मागे बघितलं नाही.

लेसी पोरीला छातीशी धरून माझ्याकडे धावत आली. वेड लागल्यासारखी हसत होती. "मी म्हटलं नव्हतं, मावशी? कंटाळतील म्हटलं नव्हतं? माझी आहे आता. कोणी मागणार नाही हिला. कधीच नाही!"

खरंच कोणी मागणार नव्हतं.

"आता बोलू दे हिला," लेसी म्हणाली. "आता पाहिजे तेवढं बोलू दे."

तिने तालीला चटईवर बसवलं, माझ्या ओंडक्यापाशी. माझी मोगरी घेतली. गाणं सुरू केलं. टोपलीत काय गं, टोपलीत काय. ठक, ठक, ठक.

ती थांबली. आयुष्यात पहिल्यांदा थांबली.

तालीने हात उचलून तोंडावर ठेवला.

लेसीने तो हात हळूच खाली घेतला, त्याचा मुका घेतला. "नाही गं बाई. आता नाही. बोल. मा म्हण." पुन्हा तीन ठोके. पुन्हा हात. पुन्हा तिने तो खाली घेतला. किती वेळा, मी बघू शकले नाही. मी सालीच्या जुड्या उगाच इकडच्या तिकडे केल्या. तेमालिसीला निरोप धाडावा असं मनात आलं, आणि ती येऊन काय म्हणणार तेही आलं. थांबा म्हणणार.

शेवटी लेसीला राहवलं नाही. तिसरा ठोका पडला, जागा रिकामी झाली, आणि रडतरडतच तिने स्वतः तोंड उघडलं. "म..."

ताली पुढे सरकली. आईचं चुकतंय हे तिला दिसत होतं. तिने आपला छोटा हात लांब केला आणि लेसीच्या तोंडावर दाबून धरला.